कायदा कोणत्या मंत्र्याचा?

खातेवाटपाची बातमी आपण वाचतो ती मानापमानाची बातमी म्हणून. गृह कोणाला मिळाले, नगरविकासासाठी कोण अडून बसले, महसूल कोणाच्या हातून गेले. या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहतो. विधिमंडळाने केलेल्या एखाद्या कायद्याचा जाब नेमका कोणाला विचारायचा? कायदा उघडला तर त्यात मंत्र्याचा उल्लेख सहसा नसतो, असतो तो 'राज्य शासना'चा. राज्य शासन म्हणजे कोण, याचे उत्तर 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात मिळते: राज्यपाल. राज्यपालांकडून मंत्र्यापर्यंत पोहोचायचे तर शासनाची कार्यनियमावली शोधावी लागते. आणि शासन निर्णय हाती पडतो तेव्हा त्याच्या तळाशी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ असते आणि तिच्याखाली सही उपसचिवाची किंवा कार्यासन अधिकाऱ्याची. ज्याने निर्णय घेतला तो मंत्री या कागदावर कुठेच नसतो.

ही रचना अपघाताने झालेली नाही, तिला मोठा इतिहास आहे. माझ्या मते त्या इतिहासात सत्तेची सोय आधी आली आणि लोकांना द्यायचे उत्तर फार नंतर. पहिलीची छाप दुसऱ्यावरून अजून पुसली गेलेली नाही.

1857 च्या उठावानंतर गव्हर्नर जनरल कॅनिंग कामाच्या ओझ्याखाली दबून गेला होता. त्याच्या कौन्सिलपुढे प्रत्येक लहानमोठी फाइल येई आणि प्रत्येक सदस्य तिच्यावर मत लिही. 1859 मध्ये त्याने एकेका सदस्याकडे एकेक खाते सोपवले आणि 1861 च्या कायद्याने या पद्धतीला आधार दिला. त्या कायद्याने गव्हर्नर जनरलला नियम करण्याचा अधिकार दिला तो 'कामकाज अधिक सोयीने चालावे' म्हणून. त्यात लोक कुठेच नव्हते, कारण उत्तर द्यायचे होते ते लंडनला.

लोकांना उत्तर देणारे मंत्री आपल्याकडे आले ते 1921 मध्ये, आणि तेही अर्धे. 1919 च्या कायद्याने प्रांताच्या कारभाराचे दोन भाग केले, हीच द्विदल राज्यपद्धती. राखीव विषय गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिले, सोपीव विषय निवडून आलेल्या मंत्र्यांकडे गेले. शिक्षण, स्थानिक स्वराज्य, आरोग्य, शेती, अबकारी हे सोपीव. पोलीस, न्याय, जमीन महसूल, पाटबंधारे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वित्त, हे राखीव. मुंबई इलाख्यात शिक्षणमंत्री झाले ते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य, दापोलीजवळच्या मुर्डीचे. त्यांच्या काळात 1923 चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. सक्तीचे शिक्षण आणायचे तर शाळा हव्यात, शिक्षक हवेत, त्यांचे पगार हवेत. कायदा मंत्र्याचा होता, पण पैशाची किल्ली राखीव खात्याकडे होती.

विषयांची यादी कागदावर नीट दिसते, पण कायदा ती यादी पाहून वागत नाही. शेती सोपीव आणि तिला पाणी देणारे पाटबंधारे राखीव, उद्योग सोपीव आणि कारखान्यांची तपासणी राखीव. मद्रासचे मंत्री के. व्ही. रेड्डी यांनी आपली ही कुचंबणा जाहीरपणे मांडली होती: शेतीचा मंत्री असून पाटबंधाऱ्यांशी संबंध नाही, विकासाचा मंत्री असून जंगले हाती नाहीत, उद्योगांचा मंत्री असून कारखाने, वीज, खाणी, मजूर सगळे दुसऱ्याकडे. मुंबईत निदान जंगले मंत्र्याकडे होती. तशी ती फक्त मुंबई आणि ब्रह्मदेश या प्रांतांत होती. तरी मूळ दुखणे तेच. त्यात भर म्हणजे खात्याचा सचिव मंत्र्याला वगळून थेट गव्हर्नरकडे जाऊ शकत असे. आपल्याच खात्यातले अधिकारी वर काय सांगतात हे ज्या मंत्र्याला कळत नाही, त्याने कौन्सिलात उभे राहून कशाचे उत्तर द्यायचे?

1924 मध्ये या सुधारणांची चौकशी करायला मडिमन समिती नेमली गेली. बहुमताचा अहवाल म्हणाला, किरकोळ दुरुस्त्या पुरेत. तेजबहादूर सप्रू, शिवस्वामी अय्यर, जिना आणि परांजपे यांनी वेगळा अहवाल दिला आणि घटनेचीच पुनर्रचना मागितली. परांजपे स्वभावाने मवाळ, सरकारशी सहकार्य करणारे. ज्याने ही व्यवस्था मनापासून चालवून पाहिली, त्यानेच ती चालणार नाही असे सहीनिशी सांगितले. मला या दस्तऐवजाचे मोल फार वाटते, कारण ही साक्ष आतून आलेली आहे.

1935 च्या कायद्याने प्रांतांतली ही फाळणी संपवली. जुलै 1937 मध्ये मुंबई प्रांतात बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ आले. 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात दारूबंदी झाली, तेव्हा अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते आणि पोलीस क. मा. मुनशींच्या गृहखात्याखाली. दोघे एकाच मंत्रिमंडळात, एकाच विधिमंडळाला जबाबदार. द्विदल राज्यपद्धतीत हे घडले असते तर अबकारीचा मंत्री दारूबंदी जाहीर करता आणि ती अमलात आणणारा पोलीस दुसऱ्याच कोणाचे ऐकता. अर्थात 1935 च्या कायद्यातही गव्हर्नरच्या 'विशेष जबाबदाऱ्या' होत्याच, आणि त्यांच्या कक्षेत येणारी बाब गव्हर्नरच्या कानावर घालणे मंत्र्यावरही बंधनकारक होते, सचिवावरही. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 166 मध्ये कामाच्या वाटपाचा नियम आला तो 1935 च्याच साच्यातून, आणि कारणही तेच राहिले: कामकाजाची सोय. सामुदायिक जबाबदारी अनुच्छेद 164 मध्ये वेगळी नोंदवली गेली. सोय एका कलमात, जबाबदारी दुसऱ्यात.

सोय आणि जबाबदारी यांच्या या फारकतीची खरी परीक्षा मला गोव्यात दिसते. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 च्या प्रशासन कायद्याने पोर्तुगीज काळातले कायदे, बदलले जाईपर्यंत, चालू ठेवले. ते योग्यच होते, एका रात्रीत लोकांची लग्ने, वारसा, जमिनी अधांतरी ठेवता येत नाहीत. पण ते कायदे लिहिले गेले होते पोर्तुगीज भाषेत, आणि त्यांत अधिकार दिलेले होते लिस्बनहून आलेल्या गव्हर्नर जनरलला. 1867 ची नागरी संहिता, 1933 चा महाजनांचा देवस्थान कायदा, मुक्तीच्या काही महिने आधी निघालेली कोमुनिदादींची, म्हणजे गावकारी संस्थांची, संहिता. गावकारीच्या जमिनीचा तंटा असो की देवळाच्या महाजनांची निवडणूक, कायद्यातल्या 'गव्हर्नर'च्या जागी आता कोण? बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांना या कायद्यांची भाषाही परकी होती.

1963 च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याखाली डिसेंबरात निवडणूक झाली आणि 20 डिसेंबर 1963 ला दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तीस सदस्यांची विधानसभा, अठ्ठावीस गोव्याचे, एक दमणचा, एक दीवचा. देवस्थानांचा प्रशासक म्हणून मामलेदार बसत होता, पण आता तो ज्या सरकारचा नोकर होता त्याला पणजीच्या सभागृहात प्रश्न विचारता येत होता. साडेचारशे वर्षांत जे नव्हते ते हे. 1964 मध्ये कुळकायदा झाला, तेव्हा शेतात राबणाऱ्या कुळाला आपल्या आमदारामार्फत मंत्र्याला धरता येऊ लागले.

तरीही कोणते काम कोणत्या मंत्र्याचे, हे ठरवणारे नियम गोव्याचे नव्हते. 1963 च्या कायद्याने ते करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना, म्हणजे व्यवहारात दिल्लीला दिला होता. नायब राज्यपाल आणि मंत्री यांच्यात मतभेद झाला तर प्रकरण राष्ट्रपतींकडे जाई, आणि तातडीचे असेल तर निर्णय येईपर्यंत नायब राज्यपाल स्वतःच्या मताने पाऊल उचलू शके. गोव्याला आपल्या कारभाराची वाटणी आपल्या राज्यपालांमार्फत, आपल्या मंत्र्यांच्या सल्ल्याने करता आली ती 30 मे 1987 ला राज्य झाल्यावर. स्वराज्य मिळाल्याची तारीख आणि त्याची घडी आपल्या हाती आल्याची तारीख यांत गोव्यात तेवीस वर्षांहून अधिक अंतर पडले.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला एक प्रयोग झाला. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा आणि तिचा प्रदेश यांना 1989 मध्ये स्वशासन मिळाले. तिथल्या बहुसंख्य लोकांनी 1978 च्या सार्वमतात ते नाकारले होते, तरी ते आले. सतरा सदस्यांच्या सभेने मे 1989 मध्ये रोझमेरी फॉलेट यांना मुख्यमंत्री निवडले. या प्रदेशाला राज्यपाल नाही, खाती मुख्यमंत्रीच वाटतात. आणि तिथे वाटले जातात ते नुसते विषय नाहीत. कायद्यात 'मंत्री' एवढाच शब्द असतो, आणि कोणता कायदा कोणत्या मंत्र्याकडे, याची कायद्यांच्या नावांनिशी यादी सरकार प्रसिद्ध करते. मंत्रिमंडळ बदलले की यादी बदलते. भाडेकरूंचा कायदा असो की दफनभूमीचा, नागरिकाला उत्तरदायी माणूस लगेच सापडतो. आपल्याकडेही शासन प्रत्येक कायद्यापुढे मंत्र्याचे पद लिहून अशी यादी काढू शकते, तिच्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

आपल्या न्यायालयांनी वेगळी वाट धरली. 1970 च्या संजीवी नायडू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कार्यनियमांनुसार निर्णय घेणारा सचिव हा सरकारचाच अवयव, त्याचा निर्णय सरकारचाच. कारभार चालण्यासाठी हे आवश्यक आहे, मी ते मानतो. पण मंत्र्याच्या नजरेखालून न गेलेल्या निर्णयालाही मंत्रीच जबाबदार असतो, तर तो कोणता मंत्री हे आधी पक्के हवे. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरचे हिवाळी अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मंत्र्यांनी शपथ घेतली आणि खाती मिळाली अधिवेशन संपतानाच्या संध्याकाळी. तो सगळा आठवडा सभागृहात मंत्री होते, खाती नव्हती. ही गोष्ट मला गंभीर वाटते, कारण अधिवेशन भरते तेच उत्तरे मिळावीत म्हणून.

11 मे 2023 ला दिल्ली सरकार आणि केंद्र यांच्यातल्या खटल्यात घटनापीठाने जबाबदारीची ही साखळी स्पष्ट शब्दांत मांडली: अधिकारी मंत्र्याला जबाबदार, मंत्री विधानसभेला, विधानसभा मतदारांना. आठ दिवसांनी केंद्राने अध्यादेश काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी जे प्राधिकरण नेमले त्यात मुख्यमंत्री एक आणि अधिकारी दोन, निर्णय बहुमताने, आणि शेवटचा शब्द नायब राज्यपालांचा.

ही साखळी जम्मू-काश्मीरमध्येही तुटलेली दिसते. तिथे 16 ऑक्टोबर 2024 ला ओमर अब्दुल्ला मुख्यमंत्री झाले. 2019 च्या पुनर्रचना कायद्याने तिथले पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय विधानसभेबाहेर ठेवले आहेत, पर्यटन मात्र निवडून आलेल्या सरकारकडे आहे. 22 एप्रिल 2025 ला पहलगाममधल्या दहशतवादी हल्ल्यात सव्वीस माणसे मारली गेली, त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून सहा जण होते. काही दिवसांनी मुख्यमंत्री विधानसभेत उभे राहिले. सुरक्षा आपल्या सरकारकडे नाही हे त्यांनी सांगितले, आणि तरीही पर्यटकांना बोलावणारा यजमान म्हणून त्यांना सुखरूप परत पाठवणे आपले काम होते, त्यांच्या घरच्यांची माफी कोणत्या शब्दांत मागावी हे कळत नाही, असेही म्हटले. ज्यांच्याकडे पोलीस होते त्यांना प्रश्न विचारण्याची सोय त्या सभागृहात नव्हती.