शैतान कोणाच्या घरात राहतो?

‘‘मामू, एटीज का जमाना क्या जबरदस्त था!’’ असे आमचा भाचा परवा म्हणाला आणि आम्हाला हसू आवरेना. त्याचा जन्म २००६ सालचा. ज्या दशकाची त्याला एवढी ओढ लागली आहे ते संपले तेव्हा खुद्द आम्ही नुकते पाळण्यातून उतरलो होतो. त्याला त्या काळाची ओळख झाली ती अमेरिकन भयपटांतून. वॉकमन, कॅसेट, वायरवाला फोन, जाडजूड टीव्ही आणि अंधाऱ्या रस्त्यावर सायकली पिटाळणारी मुले, हे त्याचे ऐंशीचे दशक. अब्बांना विचारले तर ते वेगळेच सांगतात. मोहल्ल्यात वर्गणी काढून भाड्याने आणलेला व्हीसीआर त्यांना आठवतो, त्यावर पाहिलेला रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ आठवतो. तो चित्रपट १९८४ सालचा. त्याच साली मे महिन्यात भिवंडीत दंगल झाली तेव्हा अब्बा तिथे लूमवर कामाला होते. तिथवर आले की ते गप्प होतात. आम्हीही पुढे विचारत नाही.

ज्याने काळ भोगला त्याच्याकडे आठवण असते, ज्याने भोगला नाही त्याच्याकडे ओढ असते. यात गैर काही नाही. पण भयपटाच्या बाबतीत प्रश्न जरा अवघड होतो. जुन्या काळाची गाणी, कपडे, फोन यांची ओढ लागणे समजते. जुन्या काळाच्या भीतीची ओढ लागली तर? आणि ती भीती खोटी होती, तिच्यापायी निरपराध माणसे भरडली गेली होती, असे पुढे सिद्ध झालेले असेल तर?

त्या रात्री भाच्याने आम्हाला ‘द हाऊस ऑफ द डेव्हिल’ दाखवला. टी वेस्ट या दिग्दर्शकाचा हा चित्रपट २००९ सालचा, पण पाहणाऱ्याला तो ऐंशीच्या दशकातलाच वाटावा असा घाट आहे. तो १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केला आहे, त्यामुळे चित्रात जुन्या रिळासारखे दाणे दिसतात. सुरुवातीची नावे पिवळ्या ठसठशीत अक्षरांत येतात, मध्येच चित्र गोठते. प्रसिद्धीसाठी त्याची व्हीएचएस कॅसेटही काढली होती. दिग्दर्शकाचा जन्म १९८० सालचा, म्हणजे तोही त्या दशकात लहान मूलच होता.

गोष्ट साधी आहे. सामंथा नावाची कॉलेजातली मुलगी. खोलीच्या भाड्यासाठी तिला पैशांची निकड आहे. मूल सांभाळण्याच्या कामाची जाहिरात पाहून ती गावाबाहेरच्या एका मोठ्या घरात जाते. तिथे कळते की मूल नाहीच, म्हातारीवर लक्ष ठेवायचे आहे. तिला संशय येतो, पण मालक रक्कम वाढवत चारशे डॉलरपर्यंत नेतो आणि ती थांबते. त्या रात्री चंद्रग्रहण असते. पुढे तासभर जवळजवळ काही घडत नाही. ती जिने चढते, दारे उघडते, वॉकमन लावून घरभर नाचते, आणि आपण श्वास रोखून बसतो. शेवटी कळते की ते कुटुंब शैतानाचे पूजक आहे.

चित्रपट चांगला आहे, हे आधीच कबूल करतो. वाट पाहायला लावणे ही मोठी कला आहे. आणि सामंथाला त्या घरात भूत ओढून नेत नाही, खोलीचे भाडे ओढून नेते, हे दिग्दर्शकाने नेमके ओळखले आहे. पण आम्हाला झोप लागली नाही ती चित्रपटाच्या पहिल्या पाटीमुळे. त्या दशकात अमेरिकेतले बहुसंख्य प्रौढ लोक शैतानपूजक टोळ्यांवर विश्वास ठेवत होते असे ती पाटी सांगते, आणि पुढची गोष्ट खऱ्या घटनांवर आधारलेली असल्याचा दावा करते.

त्या विश्वासाने काय केले, याची नोंद आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी मॅकमार्टिन नावाची बालवाडी होती. १९८३ साली एका आईने तिथल्या एका शिक्षकाविरुद्ध तक्रार केली. पोलिसांनी सुमारे दोनशे पालकांना पत्रे पाठवली की तुमच्या मुलांना विचारा. मग मुलांच्या मुलाखती सुरू झाल्या. मूल ‘नाही’ म्हणाले तर पुन्हा तोच प्रश्न, ‘हो’ म्हणाले तर शाबासकी. हळूहळू मुले जमिनीखालच्या भुयारांच्या, शैतानी विधींच्या गोष्टी सांगू लागली. १९८४ साली सात जणांना अटक झाली. त्यांत बालवाडी काढणारी वयोवृद्ध बाई होती, तिची मुलगी होती, नातवंडे होती, इतर शिक्षिका होत्या. पाच जणांवरचे आरोप १९८६ साली मागे घेतले गेले, उरलेल्या दोघांचा खटला १९९० पर्यंत चालला. एकालाही शिक्षा झाली नाही. पण एका तरुण शिक्षकाची पाच वर्षे तुरुंगात गेली होती आणि बालवाडी कायमची बंद झाली होती. त्या मुलांपैकी एकाने मोठेपणी, २००५ साली, जाहीरपणे सांगितले की आपण खोटे बोललो होतो, कारण मोठ्यांना तेच ऐकायचे होते.

अशी प्रकरणे देशभर झाली. टीव्हीवाल्यांनी त्यांवर खास कार्यक्रम केले. १९९२ साली एफबीआयच्या केनेथ लॅनिंग या अधिकाऱ्याने अहवाल लिहिला. शैतानासाठी माणसे मारणाऱ्या संघटित टोळ्यांचा पुरावा कुठेच मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्या शैतानाला सारा देश घाबरला त्याचे घर सापडलेच नाही. सापडल्या त्या बालवाड्या, आणि तिथे पोरांची नाके पुसणाऱ्या मास्तरणी.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मास्तरांवरच्या आळाची गोष्ट वाचताना आमचे मन साहजिकच मास्तरांच्या बाजूने गेले. पण थोड्याच वेळात आम्हाला आमची एक गोष्ट आठवली, आणि तिच्यात आम्ही त्या बाजूला नव्हतो.

२०१८ सालचा जून. शाळा नुकत्या उघडल्या होत्या. पोरे पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश खानदेशभर मोबाइलवर फिरत होते. एके दिवशी पाचवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत धापा टाकत आला. गेटबाहेर एक माणूस पोते घेऊन उभा आहे, म्हणाला. आम्ही त्याला जवळ घेतले आणि विचारले, ‘‘पोते में क्या था?’’ ‘‘बाल थे सर.’’ ‘‘किसके? बच्चों के?’’ तो जरा थांबला. ‘‘हाँ सर.’’ ‘‘छुरी भी थी?’’ ‘‘शायद.’’ ‘‘शायद क्या? थी के नहीं?’’ ‘‘थी सर.’’

आम्ही शिपायाला सांगितले. शिपायाने गेटवरच्या एका पालकाला सांगितले. अर्ध्या तासात रस्त्यावर पन्नास-साठ माणसे जमली. तो माणूस केसांवर भांडी देणारा फेरीवाला होता. बायकांचे विंचरून निघालेले केस पोत्यात भरायचे आणि बदल्यात स्टीलची वाटी नाहीतर चमचा द्यायचा, हा त्याचा धंदा. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याची कॉलर फाटली होती आणि ओठातून रक्त येत होते. गर्दीतून एक म्हातारी बूबू वाट काढत पुढे आली आणि ओरडली की अरे, हा तर दर वर्षी येतो, माझ्या घरातल्या वाट्या याच्याच आहेत. तिच्यामुळे तो वाचला. त्याच्या पोत्यात छुरी नव्हती. ती आमच्या प्रश्नात होती.

काही दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने याच अफवेवरून ठेचून मारले. ती बातमी वाचताना आमचे हात थरथरत होते. बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात आम्ही सूचक प्रश्नांवर उत्तर लिहिले होते. मुलाच्या तोंडी उत्तर घालू नये, असे त्यात लिहिले होते. सूरह हुजुरात तर लहानपणापासून पढत आलो आहोत. खबर आली की आधी तिची तहकीक करा, नाहीतर नादानीत कोणावर जुलूम कराल आणि मागून पस्तावाल, असा तिच्यात साफ हुकूम आहे. दोन्ही गोष्टी आम्हाला ठाऊक होत्या. वेळ आली तेव्हा एकही कामी आली नाही.

का आली नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आम्हाला त्या मुलाच्या ‘हो’मध्ये एक विचित्र समाधान मिळाले होते, हे कबूल केलेच पाहिजे. कित्येक दिवस धुक्यासारखी पसरलेली धास्ती एकदम एका माणसावर येऊन थांबली. वाईट कुठे आहे ते कळले. ते गेटबाहेर आहे, त्याच्या हातात पोते आहे.

आम्हाला वाटते, भाच्याला ज्याची ओढ आहे तेही बहुधा हेच आहे. वायरवाला फोन त्याला खरोखर नको आहे, तो दोन दिवसांत कंटाळेल. आजची भीती मोबाइलमध्ये आहे, हवेत आहे, नोकरीच्या न आलेल्या पत्रात आहे. तिला तोंड नाही. त्या जुन्या घाटाच्या चित्रपटात मात्र वाईटाला पत्ता आहे. गावाबाहेर एक घर आहे, ग्रहणाची रात्र आहे, दार उघडले की शैतान दिसतो. ही निश्चिती फार सुखाची असते. आणि तीच धोक्याची असते, कारण पडद्याबाहेर तो पत्ता नेहमी कोणा दुबळ्या माणसाचा निघतो. आपल्या समाजाला हे कोणी सांगायला नको. पुराव्याआधी पत्ता ठरलेला असणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. म्हणूनच दुसऱ्याचा पत्ता ठरवताना आपला हात अधिक जड व्हायला हवा होता.

कोणी म्हणेल, मास्तर, हा तर खेळ आहे. भयपट पाहून कोणी कोणाला मारत नाही. हे बरोबर आहे. ‘पुराना मंदिर’मधल्या सामरीसारखा दिसतो म्हणून कोणाला मार पडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. सामरी कोणाचाच शेजारी नव्हता. पण ज्या भीतीला शेजारी असतात तिची गोष्ट निराळी. सातपुड्यात अजून एखाद्या बाईला डाकीण ठरवले जाते, आणि ती बहुधा एकटी, विधवा, थोड्याशा जमिनीची मालकीण असते. आपल्या राज्याला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. तेव्हा भूत दाखवण्याला आमची हरकत नाही. पण खऱ्या माणसांवर झालेला आणि खोटा ठरलेला आरोप उचलायचा, त्याला जुन्या फिल्मचा सुंदर रंग द्यायचा आणि शेवटी तो खरा होता असे दाखवायचे, यात त्या माणसांचे काही देणे लागते, असे आम्हाला वाटते.

हे देणे फेडता येते, हेही याच चित्रपटांनी दाखवले आहे. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ पासून ऐंशीच्या दशकाच्या ओढीवरच उभी राहिली. पण २०२२ साली आलेल्या चौथ्या भागात, १९८६ सालच्या गोष्टीत, एडी नावाचा लांब केसांचा मुलगा आहे. तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळणाऱ्या पोरांचा म्होरक्या. गावात खून होतो आणि सारे गाव त्याला शैतानाचा चेला ठरवून त्याच्या मागे लागते. प्रेक्षकाला ठाऊक असते की तो निर्दोष आहे. खुद्द टी वेस्टने २०२४ साली ‘मॅक्सीन’ काढला. तोही १९८५ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो, तोही जुन्या घाटाचा. पण इथे खुनांमागे नायिकेचा धर्मोपदेशक बाप निघतो. हॉलिवूडमधले शैतान जगाला दाखवायचे म्हणून तो आणि त्याचे अनुयायी हे सारे करत असतात. पंधरा वर्षांत त्याच दिग्दर्शकाने त्याच दशकाकडे पाहिले आणि या वेळी दार उघडल्यावर आत शैतानाला शोधणारे सापडले.

भाच्याला आम्ही हे सारे सांगितले. केसवाल्याची गोष्टही सांगितली. ती आजवर घरात कोणालाच सांगितली नव्हती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मामू, फिर वो आया क्या कभी?’’ नाही, तो पुन्हा आमच्या मोहल्ल्यात आला नाही. त्याचे नावही आम्ही विचारले नव्हते. त्याची माफी मागायची तर कुठे जाऊन मागायची, हे आम्हाला आजही कळत नाही.

वर्गात आता कोणी घाबरून आले तर आम्ही एवढेच म्हणतो, ‘‘क्या देखा, बता.’’ आणि थांबतो. मूल अडखळते, गोंधळते, कधी उत्तरच देत नाही. आम्हाला पुढचा प्रश्न सुचलेला असतो, तो तोंडात धरून ठेवतो. हे वाटते तितके सोपे नाही. दर वेळी ते नव्याने शिकावे लागते.