समोर येऊन बोला

श्रोतेहो, झुंजूमुंजू झालंय. बाहेर दयाळ शीळ घालतोय.

आमच्या शेजारच्या काकूंना गालगुंड झाले आणि त्यांचा उजवा कान गेला. कानाच्या आत, शंखासारख्या भागात, केसांसारख्या नाजूक पेशी असतात. विषाणूनं त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आता त्या कानात एक रातकिडा बसलाय. दिवसा भांड्यांच्या आवाजात तो दबतो. घर निजलं की तोच जागा. म्हणून काकू उशाशी रेडिओ हळू लावून ठेवतात. कदाचित आत्ताही ऐकत असतील.

त्या विचारतात, "काय म्हणालास?" आपण म्हणतो, "जाऊ दे, काही नाही." मंडळी, ते 'काही नाही' त्यांना नेमकं ऐकू येतं. फार लागतं ते.

ओरडू नका. समोर येऊन बोला. ओठ दिसू द्या. ऐकणं हे एकट्या कानाचं काम नाही, अर्धं काम बोलणाऱ्याचं असतं. कुणाचंही ऐकणं कमी झालं असो, समोर येऊन बोला.

काल त्यांची नात उठली, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. शाळेतली सगळी गोष्ट तिनं पहिल्यापासून सांगितली. काकूंचा चहा निवून गेला.