चौथी सीट आणि पांडुरंग सांगवीकर

माणसाचं न्याय-अन्यायाबद्दलचं मत त्याचं स्वतःचं असतं, की त्याच्या वयाचं? प्रश्न तात्त्विक आहे आणि मी पडलो बी.कॉम. पण बदलापूरहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या माणसाला वाचायला भरपूर वेळ मिळतो, आणि वाचलं की प्रश्न पडतात.

‘कोसला’ आली १९६३ साली. पांडुरंग सांगवीकर तेव्हा पंचवीस वर्षांचा, नेमाडेही तेवढेच. विशीत मी ती वाचली ती पूर्णपणे पांडुरंगाचा वकील होऊन. त्याचे वडील म्हणजे पैसे देणारा आणि म्हणून छळणारा गृहस्थ, एवढीच आमची समजूत. परवा पुन्हा वाचली. नेमाडे नव्वदीकडे झुकलेत, मला चाळिशी लागून वर चाळिशीचा नंबरही वाढला, पांडुरंग मात्र आहे तिथेच! पुण्यात हा पोरगा मेसच्या कारभारात पैसे घालवू लागला, तेव्हा मी मनातल्या मनात व्हाउचरं मागू लागलो. खेड्यात बसून मनिऑर्डरी करणाऱ्या बापाला कुणी काही विचारतंय का?

हा शहाणपणा म्हणायचा की नुसती जागाबदल? आमच्या गाडीत तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने बसायचा रिवाज आहे. अंबरनाथला चढलेला उभा माणूस ‘सरका जरा’ म्हणतो तेव्हा त्याच्या आवाजात माणुसकी ओथंबत असते. तोच उल्हासनगरला चौथा बसला आणि विठ्ठलवाडीला तिसरा झाला, की कल्याणला त्याला ऐकू येईनासं होतं. दोन्ही वेळा तो खरंच बोलत असतो, हीच तर अडचण आहे.

रहस्यकथांत ही भानगड नाही. शाळेत असताना बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचला. त्या गृहस्थाला मी कधी पेन्शनचे कागद भरताना पाहिलं नाही. ख्रिस्तीबाईंचा पॉयरो तर १९२० साली पहिल्यांदा आला तोच निवृत्त होऊन. त्याच्या शेवटाची ‘कर्टन’ ही कादंबरी बाईंनी दुसऱ्या महायुद्धात लिहून चक्क बँकेच्या तिजोरीत ठेवली, ती छापली १९७५ साली. (आमच्या खात्याचं साहित्याला एवढंच योगदान.) त्यात थकलेल्या पॉयरोसमोर न्याय की कायदा असा पेच येतो. तो काय करतो ते सांगत नाही. विशीत ते वाचून मी टाळ्या वाजवल्या होत्या, आता पुस्तक मिटून दोन स्टेशनं नुसता बाहेर बघत बसलो.

पण ‘कोसला’त एक जागा आहे, धाकटी मनी जाते ती. तिथे वकिली सुचेना. विशीत पांडुरंगासारखाच वडिलांवर संतापलो होतो. यावेळी लक्षात आलं, मुलगी त्यांचीही गेली होती. आणि गंमत म्हणजे हे कळूनही पांडुरंगाचा राग मला एक पैशानेही कमी करता येईना. एकाच खात्यात दोन्हीकडे नावे! हा ताळेबंद काही जुळत नाही.

सध्या घरात ‘कोसला’ चिरंजीव वाचताहेत. काल जेवताना त्यांनी माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. मी आमटीचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.