दुःखकाळींची प्रार्थना

ईश्वर दयाळू आहे, हें सुखाच्या दिवसांत म्हणणें सोपें असतें. घरांत मृत्यु शिरला म्हणजे तेंच वाक्य ओठांवर येत नाहीं. अशा वेळीं आम्हांस देहूच्या तुकोबांचें स्मरण होतें. १६३० सालीं सुरू झालेल्या घोर दुष्काळांत त्यांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली, व्यापार बुडाला. पुढें त्यांनीं विठोबाला जें आळविलें, त्यांत शरणागति आहे, तसेंच उघड भांडणही आहे. कित्येकांस ही श्रद्धेची उणीव वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मूल रुसतें तें आईवरच. ज्याच्या चांगुलपणावर मुळींच भरंवसा नाहीं, त्याच्यापाशीं गाऱ्हाणें तरी कोण नेईल?

प्रार्थनेनें गेलेलें माणूस परत येत नाहीं, व दुःखाचें कारणही कळत नाहीं. मग तिचें फळ तें काय? तुकोबांनीं आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं, असें परंपरा सांगते. ज्यास स्वतःस दया हवी होती, त्यानें ती आधीं आपल्या ऋणकोंस दिली. देवापुढून मनुष्य असा उठत असेल, तर त्याची प्रार्थना ऐकली गेली नाहीं, असें आमच्यानें म्हणवत नाहीं.