काळाचीं चिन्हें आणि शरीराचीं चिन्हें

मूळ वचन : लूक १२ : ५४–५६. होशेय ७ : ९ व योहान १३ : १–१५ हेंही वाचावें.



ह्या वचनांत आपला प्रभु लोकांस एक साधी गोष्ट विचारितो. पश्चिमेकडे ढग उठला कीं पाऊस येणार, दक्षिणेचा वारा सुटला कीं उष्मा होणार, हें तुम्ही न चुकतां ओळखितां. मग देव तुमच्या डोळ्यांपुढें जें करीत आहे तें तुम्हांस कां ओळखितां येत नाहीं? हा प्रश्न भंडारा जिल्ह्यांतील आपणां शेतकऱ्यांस विशेष लागू पडतो. पऱ्हे केव्हां टाकावे, रोवणी केव्हां करावी, हें आपण आभाळाकडे पाहून ठरवितों. धानाचें पान पिवळें पडूं लागलें कीं मुळाशीं कांहीं बिघडलें आहे, हें आपला लहान मुलगाही सांगतो. परंतु जें शरीर देवानें आपणांस राखावयास दिलें, त्याचें पान पिवळें पडलें तर तें मात्र आपणांस दिसत नाहीं.

ह्या वचनाचा मुख्य अर्थ आत्मिक आहे, हें मी विसरलों नाहीं. तारणारा समोर उभा असतां ज्यांनीं त्यास ओळखिलें नाहीं, त्यांस तें सांगितलें आहे. तरी दिसणारें चिन्ह न पाहिल्यासारखें करण्याची मनुष्याची खोड आत्म्याच्या व शरीराच्या दोन्ही बाबतींत सारखीच आहे. म्हणून आज मी मधुमेहाच्या, ज्यास आपण गांवांत शुगर म्हणतों त्या रोगाच्या, चिन्हांविषयीं लिहीत आहें.

प्रथम मला माझा स्वतःचा दोष कबूल करावयाचा आहे. आमच्या मंडळींत एक वडील आहेत. त्यांचें नांव मी सांगत नाहीं, परंतु ही हकीगत त्यांच्या परवानगीनेंच लिहिली आहे. पुष्कळ वर्षें ते उपासनेंत पहिल्या रांगेंत बसत. एका पावसाळ्यांत ते दाराजवळ बसूं लागले, आणि उपदेश चालू असतां दोनदां तीनदां उठून बाहेर जाऊं लागले. परत येतांना दाराशीं ठेविलेल्या माठांतील पाणी दोन-दोन पेले पीत. मला वाटलें, ह्यांस माझ्या उपदेशाचा कंटाळा आला. खरें सांगावयाचें तर मला रागही आला, आणि एका रविवारीं देवाच्या घरांत स्थिर बसण्याविषयीं मी त्यांच्याकडे पाहूनच बोललों. त्यांनीं मान खालीं घातली. त्यांचा सदरा खांद्यांवर सैल झाला होता. तेंही मीं पाहिलें, आणि रोवणीचे दिवस आहेत, श्रम पडतात, असें म्हणून सोडून दिलें. न्हाणीजवळ मुंग्या फार येतात, असें त्यांच्या पत्नीनें एकदां सांगितलें. तें ऐकून आम्ही हंसलों. पुढें कापणीच्या वेळीं त्यांच्या पायांत कांटा मोडला, आणि तो आंत राहिला तरी त्यांस कळला नाहीं. पाय काळा पडला तेव्हां त्यांस रुग्णालयांत नेलें. तेथें रक्त तपासलें, आणि पायाचीं दोन बोटें कापावीं लागलीं. मी खाटेजवळ प्रार्थना करावयास गेलों तेव्हां ते म्हणाले, "पाळकसाहेब, मी उपासना टाकून जात नव्हतों. मला आवरत नव्हतें." ढग चार महिने माझ्या डोळ्यांपुढें उभा होता, आणि मीं त्यास अनादर हें नांव दिलें.

हीं चिन्हें कां होतात? आपला जिल्हा तळ्यांचा, म्हणून तळ्याचाच दाखला घेऊं. तळें तुडुंब भरलें आहे, परंतु पाटाचें दार घट्ट बसलें आहे. तर बांधींतलें धान वाळतें, आणि पाणी सांडव्यावरून वाहून जातें. मधुमेहांत असेंच होतें. अन्नाची साखर रक्तांत येते. ती रक्तांतून शरीराच्या पेशींत जावी म्हणून स्वादुपिंड नांवाचें इंद्रिय इन्शुलिन नांवाचा रस सोडतें. तो जणूं दार उघडणारा हात. प्रौढांत बहुधा जो मधुमेह आढळतो, ज्यास दुसऱ्या प्रकारचा म्हणतात, त्यांत दार त्या हातास दाद देत नाहीं, आणि पुढें हातही थकतो. मग रक्तांत साखर सांचते, मूत्रपिंडांतून बाहेर वाहूं लागते, आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी, आणि म्हणूनच तहान. भरल्या तळ्याशेजारीं शरीर मात्र उपाशी राहतें. म्हणून थकवा, म्हणून भूक, म्हणून खाऊनही अंग झडणें. लघवीस मुंग्या लागतात त्याचेंही कारण हेंच. आपल्या देशाच्या जुन्या वैद्यांस हा रोग ठाऊक होता. चरक व सुश्रुत ह्यांच्या नांवाच्या ग्रंथांत त्याचें मधुमेह हेंच नांव आहे.

ह्यांखेरीज दुसरींही चिन्हें ध्यानांत ठेवा. जखम लवकर न भरणें. वारंवार गळवें होणें. गुप्त भागीं खाज सुटणें. दृष्टि अंधुक होणें. तळपायांस मुंग्या येणें, आग होणें किंवा ते बधिर होणें. मानेची व काखेची कातडी काळी व जाड होणें. ज्यांच्या आईबापांस किंवा भावंडांस हा रोग आहे, ज्या बहिणींस गरोदरपणीं साखर झाली होती, ज्यांचें पोट सुटलें आहे, त्यांनीं विशेष सावध असावें. ओकाऱ्या, पोटदुखी, जोराचा श्वास व गुंगी हीं एकत्र दिसलीं तर सकाळची वाट पाहूं नये. त्याच घटकेस रुग्णालय गांठावें.

आतां आपल्या सबबी पाहूं. पहिली अशी कीं, हा शहरांतल्या श्रीमंतांचा रोग आहे. आम्ही कष्टकरी, अंगानें सडपातळ, आम्हांस तो कसा होणार? परंतु भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें देशभर झालेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष सन २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें ह्या देशांत सुमारे १० कोटी लोकांस मधुमेह आहे, आणि खेड्यांतही दर १०० प्रौढांत सुमारे ९ जणांस तो आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं सन १९९३ पासून पुण्याजवळील सहा गांवांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील बालकें जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाचीं, इंग्लंडांतील बालकांहून पुष्कळ लहान होतीं. परंतु त्यांच्या अंगांत स्नायु कमी असूनही चरबी तितकी कमी नव्हती. म्हणजे बाहेरून कृश दिसणारें शरीरही आंतून ह्या रोगास अनुकूल असूं शकतें. शमुवेलास देवानें सांगितलें होतें कीं मनुष्य बाह्य रूप पाहतो. तें येथेंही खरें ठरतें.

दुसरी सबब विश्वासाची. कोणी बंधु आसा राजाचें उदाहरण देतात (२ इतिहास १६ : १२). पायांचा रोग वाढला तेव्हां तो परमेश्वरास न शोधितां वैद्यांकडे गेला, म्हणून शास्त्र त्यास दोष देतें. परंतु तो दोष वैद्याकडे जाण्याचा नव्हे. देवास सोडण्याचा होय. हिज्कीयाचें पाहा (२ राजे २० : १–७). देवानें त्याची प्रार्थना ऐकिली, त्यास बरें करण्याचें अभिवचन दिलें, आणि त्यानंतर त्याच संदेष्ट्यानें गळवावर अंजिरांचें पोटीस बांधावयास सांगितलें. अभिवचन व पोटीस हीं दोन्ही एकाच देवाकडून आलीं. सन १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो नगरांत बँटिंग व बेस्ट ह्यांनीं इन्शुलिन शोधून काढिलें, आणि १९२२ च्या जानेवारींत तें एका १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास देण्यांत आलें, व तो वांचला. तेंही मीं देवाच्या देणग्यांतच धरिलें आहे.

तिसरी सबब अशी कीं, मला तर कांहींच होत नाहीं. बंधूंनो, हीच सर्वांत घातक आहे. हा रोग पुष्कळदां वर्षानुवर्षें एकही चिन्ह न दाखवितां डोळे, मूत्रपिंडें, हृदय व पाय पोखरीत असतो. होशेय संदेष्टा एफ्राइमाविषयीं हेंच म्हणतो कीं, परके त्याचें बळ खाऊन टाकीत आहेत आणि त्यास त्याचा पत्ता नाहीं. म्हणून चिन्हांची वाट न पाहतां ३० वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येकानें तपासणी करून घ्यावी. ती उपकेंद्रांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत फुकट होते, आशाताईस विचारावें. बोटाच्या थेंबावरून संशय आला तर नसेंतील रक्त तपासून खात्री करितात. सकाळीं उपाशीपोटीं साखर १०० च्या खालीं असावी. १२६ किंवा अधिक आली तर तो मधुमेह. चिन्हें नसल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां तपासतात. मधला आंकडा म्हणजे देवानें दिलेली मुदत समजा. भाताची रास लहान करा; वरण व भाजी वाढवा; गोड चहा सोडा; तंबाखू टाका; शेतीचें काम नसेल त्या दिवसांत रोज अर्धा तास झपाट्यानें चाला. ज्यास गोळ्या सुरू झाल्या त्यानें बरें वाटूं लागलें म्हणून, अथवा कोणी जडीबुटी दिली म्हणून, त्या आपल्या मनानें बंद करूं नयेत.

शेवटीं उपदेशक बंधूंस एक विनंती. ज्या रात्रीं प्रभूस धरून दिलें, त्या रात्रीं त्यानें कंबरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावे असें सांगितलें. आपण हें पुष्कळदां नम्रतेचा केवळ दृष्टांत म्हणून सांगतों. परंतु चिखलांत अनवाणी रोवणी करणाऱ्या आणि थंडींत शेकोटीपाशीं बसणाऱ्या आपल्या लोकांत बधिर पाय ही मोठी धोक्याची गोष्ट आहे. कांटा टोचला किंवा निखारा लागला तरी त्यांस कळत नाहीं. म्हणून घरोघर भेटीस जाल तेव्हां प्रार्थनेपूर्वीं वृद्धांस विचारा : रात्रीं किती वेळां उठतां? पाणी किती लागतें? आणि दिवा जवळ घेऊन त्यांचे तळपाय पाहा. ज्यांस हा रोग आहे त्यांच्या घरच्यांनीं हें रोज रात्रीं करावें. पाय धुवावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या, जखम दिसली तर दुसऱ्याच दिवशीं दाखवावी.

आमचे ते वडील आज नियमानें औषध घेतात. ते अजून दाराजवळच बसतात, आणि उपासनेच्या वेळीं कोण माठाकडे वारंवार जातो तें पाहतात. गेल्या वर्षांत त्यांनीं तीन जणांस आपण होऊन तपासणीस नेलें. त्यांपैकीं दोघांस मधुमेह निघाला, आणि दोघांचेही पाय शाबूत आहेत. जें मीं व्यासपीठावरून पाहिलें नाहीं, तें ते दारांतून पाहतात.

ज्या देवानें आभाळास चिन्हें दिलीं, त्यानें शरीरासही दिलीं आहेत. तीं भिवविण्यासाठीं नव्हेत, वेळ आहे तोंवर वळविण्यासाठीं आहेत. तो आपणां सर्वांस पाहणारे डोळे आणि एकमेकांच्या पायांशीं वांकणारे गुडघे देवो. आमेन.