जोड

आईस हॉकीचा खेळ सुरू होतो तो फेस-ऑफनं. दोन संघांचे दोन गडी समोरासमोर कमरेत वाकतात, काठ्या बर्फाला टेकवतात. हेल्मेटं जवळजवळ भिडलेली असतात. नजर पंचाच्या हातातल्या पकवर, म्हणजे खेळाच्या चकतीवर असली, तरी सगळा जीव समोरच्याच्या मनगटात अडकलेला असतो: हा आता कुठे वळणार?

कॅनडाच्या लेखिका रेचल रीड यांची ‘हीटेड रायव्हलरी’ ही कादंबरी २०१९ साली आली, २०२५मध्ये तिच्यावर मालिका निघाली. कादंबरीची सगळी ताकद मला या वाकलेल्या क्षणात दिसते. शेन हॉलंडर माँट्रियलच्या संघात, इल्या रोझानोव बोस्टनच्या. दोघांच्या हाडवैरावर अख्खी लीग पोसलेली. दोघं वर्षानुवर्षं चोरून भेटतात, पण एकमेकांना आडनावानंच हाक मारतात. एकदा इल्याच्या घरी त्याच्या तोंडून ‘शेन’ निघून जातं, शेनच्या तोंडून ‘इल्या’. आणि शेन घाबरून तिथून निघूनच जातो. शरीर एकमेकांपासून कधी लपवलं नाही, पण नाव उच्चारणं झेपलं नाही. ज्या भाषेत लग्नातलं ‘नाव घेणं’ हा एक सोहळा आहे, त्या भाषेतल्या वाचकाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

वैरातून प्रेम हा अशा प्रेमकादंबऱ्यांचा ठरलेला साचा आहे, म्हणून त्यांना हलकं लेखलं जातं. मला मात्र हा साचा फार जुन्या शहाणपणातून आलेला वाटतो. आपल्याकडे त्याला विरोधभक्ती असं नावच आहे. कथेकरी सांगतात, विष्णूचे द्वारपाल जय-विजय यांना शाप मिळाला तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या: भक्त म्हणून सात जन्म, की वैरी म्हणून तीन. त्यांनी वैर पत्करलं, कारण ती वाट जवळची होती. त्यांच्यातल्याच एकाचा जन्म असलेल्या शिशुपालानं जन्मभर कृष्णाला शिव्याच दिल्या, पण त्याच्या डोक्यातून कृष्ण घटकाभरही गेला नाही. राजसूयाच्या सभेत त्याचं शिर उडालं आणि त्याच्यातलं तेज सर्वांदेखत कृष्णातच जाऊन मिळालं. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला हेच उलगडून सांगतात. वैरानं माणूस जितका तन्मय होतो, तितका भक्तीनंही होत नाही. भिंतीवरच्या मातीच्या घरात कुंभारमाशीनं कोंडलेली अळी भीतीनं आणि द्वेषानं तिचंच ध्यान करत राहते आणि शेवटी तिचंच रूप घेते, असा दाखलाही ते देतात. प्रेमाचा कच्चा माल म्हणजे ध्यास, आणि वैऱ्याकडे तो आधीच भरपूर असतो.

शाळेत मी कबड्डीत चढाई करायचे. शेजारच्या तालुक्याच्या संघात डाव्या कोपऱ्याला एक मुलगी असायची. सलग तीन वर्षं तिनं माझा घोटा धरून मला मैदानाबाहेर बसवलं. तिचं नाव निघालं तरी माझ्या तोंडची चव जायची. वीस वर्षांनी एका लग्नात भेटली. कशी आहेस वगैरे काही नाही, पहिलंच वाक्य: “बोनसला पाय टाकायच्या आधी तू डावा खांदा पाडायचीस.” हे माझ्या प्रशिक्षकांना कधी दिसलं नव्हतं. मग मीही सांगितलं, पकडीला झेपावण्याआधी ती खालचा ओठ चावायची. पंगतीत आम्ही शेजारी बसलो आणि पंगत उठली तरी आम्ही उठलो नाही.

जत्रेच्या फडात पैलवानाला तुल्यबळ गडी शोधून देतात, त्याला जोड लावणं म्हणतात. संसारातला सोबती तो जोडीदार. दोन्हीकडे शब्द एकच, कारण अट एकच: समोरचा तोलामोलाचा हवा. ही अट मोडली की माझं मन पुस्तकातून उडतं. नायक नायिकेचा पाणउतारा करत राहतो आणि लेखिका त्यालाच आकर्षण म्हणते, अशी पुस्तकंही या प्रकारात आहेत. ती मी मिटून ठेवते. खेळातल्या वैराला रेषा असते, शिट्टी असते. प्लेऑफची मालिका संपली की हॉकीपटू हातमोजे काढून रांगेत उभे राहतात आणि उघड्या हातानं हात मिळवतात.

रोमन कवी ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’च्या दहाव्या भागात अटलांटाची शर्यत आहे. जो तिला धावण्यात हरवेल त्याला ती वरणार. जो हरेल त्याला मरण. हिप्पोमेनीस तीन सोन्याची सफरचंदं वाटेत टाकतो, ती उचलायला वळते आणि हरते. पण कवीनं त्यात एक बारीक गोष्ट पेरली आहे: पुढे निघून जाता येत असतानाही ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत रेंगाळते. ती ओळ वाचली की मला गलबलून येतं. प्रेम हवं तर बाईनं वेग कमी करायचा, ही अपेक्षा इतकी जुनी आहे. कॅरमच्या पटावर हाताशी आलेली राणी नवऱ्यासाठी सोडून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. समोरच्याला ते कळतही नाही.

शेन आणि इल्या रात्र एकत्र काढतात आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर एकमेकांना इंचभरही सूट देत नाहीत. दिली तर तो अपमान ठरेल. दोन पुरुषांच्या या गोष्टी बायका इतक्या ओढीनं का वाचतात, याचं माझ्यापुरतं उत्तर इथं आहे. त्या पटावर कुणी रेंगाळायचं हे आधीपासून ठरलेलं नसतं.

वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. खाली गण नंदीची खोडी काढताहेत, वर दोघं डावात बुडालेली. पुराणातली गोष्ट अशी की पार्वती जिंकते, त्याचं होतं नव्हतं ते सगळं जिंकते. शिव रुसून रानात निघून जातो. डाव सोडून द्यायचं तिच्या मनातही आलेलं नसतं. भिल्लीण होऊन ती त्याच्या मागे रानात जाते.