हातातले खाली ठेवता येते का?



गेल्या काही रविवारी दोन-तीन पालकांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, "फादर, पोरगा सकाळीच मॅचला जातो, मिस्सा चुकते. खेळणे पाप आहे का?" प्रश्न क्रिकेटचा दिसतो, पण तो आपणां सर्वांचा आहे. कुणाला बँडचे वेड, कुणाला बागेचे, कुणाला गळ टाकून बसण्याचे.

खेळणे पाप नाही. शरीराला जशी विश्रांती तशी मनाला करमणूक हवी, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. स्वतः न हसणारा आणि दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालणारा मनुष्यही त्यांच्या मते चुकतो. मग आपले चुकते कुठे? संत ऑगस्टीन म्हणतात, प्रेमाचा क्रम चुकला की सारे चुकते. बाग चांगली, सूर चांगले; पण ज्याने ते दिले तो त्यांच्या मागच्या रांगेत गेला की घडी विस्कटते.

हा क्रम चुकतो कसा, हे आम्ही आमच्याच चुकीतून शिकलो. पेटी वाजविणे हा आमचा सेमिनरीपासूनचा छंद. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आम्ही एक गीत बसवीत होतो. दारात एक मुलगा आला. "फादर, आजीने बोलावलंय." आजी बरेच दिवस आजारी होत्या. आम्ही म्हटले, "येतो बाळा, एवढे कडवे होऊ दे." ते कडवे झाले, मग पुढचेही झाले. आम्ही पोहोचलो तेव्हा आजींचा श्वास चालू होता, पण शुद्ध हरपली होती. आम्ही रुग्णाभ्यंग दिला, प्रार्थना म्हटली. त्यांना आमच्याशी काय बोलायचे होते, ते मात्र आम्हांला कधीच कळले नाही. आणि ते गीत रविवारच्या मिस्सेचे होते! छंद देवळातला असला म्हणजे तो आपोआप देवाच्या मागे राहतो, असे नाही.

फादर जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे इंग्रज कवी १८६८ साली येशूसंघात दाखल झाले. त्याआधी त्यांनी आपल्या कविता जाळल्या आणि वरिष्ठांची इच्छा असल्याखेरीज लिहायचे नाही, असे ठरविले. सात वर्षे त्यांनी जवळजवळ काहीच लिहिले नाही. डिसेंबर १८७५ मध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळ 'डॉइशलँड' हे जहाज फुटले आणि जर्मनीतून परागंदा झालेल्या पाच फ्रान्सिस्कन धर्मभगिनी मरण पावल्या. यावर कुणीतरी कविता लिहावी, असे वरिष्ठ बोलून गेले. हॉपकिन्स यांनी लेखणी उचलली. ती दीर्घ कविता त्यांच्या हयातीत छापलीही गेली नाही. १८८९ साली ते वारले; १९१८ साली त्यांच्या कवितांचे पुस्तक निघाले आणि आज ते इंग्रजीतील मोठे कवी गणले जातात. आब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवले आणि तो त्याला परत मिळाला, तसेच हे झाले.

आपल्याला काही जाळावे लागणार नाही. फक्त एवढे पाहू या: देवाचे बोलावणे आले की हातातले खाली ठेवता येते का, आणि ठेवताना राग येतो का? हे बोलावणे कधी मिस्सेच्या घंटेचे असेल, कधी शेजारच्या आजाऱ्याचे, कधी स्वतःच्या मुलाचे. मुलाला मॅचवरून बोलणाऱ्या पालकांनी जपमाळेच्या वेळी घरचा टीव्ही बंद असतो का, हेही पाहावे. आणि सामने ठरविणाऱ्या तरुणांना आमची विनंती, नाणेफेक मिस्सेनंतर ठेवा. आम्ही स्वतः बघायला येऊ.

पेटी आम्ही आजही वाजवितो. पण वाजविताना दार उघडे ठेवतो.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.